सुरतेला राहिलेली वानगी

शेतातली माती तपासायला दिली, की माणूस अहवालाचा कागद घेऊन घरी येतो. आमचे सुकलालआप्पा कागद तिथेच विसरले आणि माती घेऊन आले. त्या अहवालात काय होतं हे त्यांना आजतागायत माहीत नाही. पिशवीतली माती त्यांनी शेतात नेली, जिथून उचलली होती तिथेच हाताने पसरली आणि मगच पाणी प्यायले. तपासणाऱ्या साहेबाने म्हणे विचारलं होतं, की एवढीशी माती परत नेऊन काय करणार? आप्पांनी उलट त्यालाच विचारलं, तुमचं बघून झालं ना?

आप्पा मिरचीचे व्यापारी. नंदुरबारला ज्याने एक हिवाळा काढला आहे त्याला मिरची म्हणजे काय ते सांगायला नको, आणि ज्याने काढलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. गावाबाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडलेली असते आणि गावातली माणसं रस्त्याने शिंकत जातात. बाजारात ओल्या मिरचीचे ढीग लागतात. व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर मिरची वर काढतो, देठ बघतो, रंग बघतो, एखादी मोडून नाकाशी नेतो. ह्या मुठीला म्हणायचं वानगी. सौदा होवो न होवो, ती मूठ परत ढिगावर टाकायची असा रिवाज. बाकीचे व्यापारी तो बाजारापुरता पाळतात. आप्पांनी तो जन्माला लावून घेतला.

"वानगी म्हंजे दर्शन शे, सर," ते मला नेहमी सांगतात. "दर्शन लिसन देव कोनी घर लई जास का?"

द्राक्षाच्या गाडीवर आप्पा एक मणी उचलतात, उजेडात धरतात आणि परत घडावर ठेवतात. पेपरात घालून फुकट वाटलेली शाम्पूची पुडी त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याला परत केली. एका लग्नघरातून पसंतीसाठी लाडू आला, तर त्याचा नुसता वास घेऊन, "बांधनी चांगली शे" असा निरोप देऊन तो परत पाठवला. साखर तपासायला रक्त दिलं तेव्हा तर ते बाकावरून उठायलाच तयार नव्हते. नळीभर घेतलं, थेंबभर वापरलं, मग उरलेल्याचं काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. रक्त घेणाऱ्या बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं.

मला का, तर मी 'सर' आहे म्हणून. कॉलेजात मी भूगोल शिकवतो. नद्या, पठारं, पर्जन्यमान हा माझा प्रांत. पण आमच्या गल्लीत 'सर' ही एकच पदवी आहे आणि तिच्यात रक्त, वीजबिल, जमिनीचा नकाशा, मोबाइलचा चार्जर असं सगळं येतं. आप्पांची आणि माझी भिंत एकच आहे. ते घरात मिरची आणतात आणि आमच्याकडे बायको शिंकते, अशी आमची जवळीक. आप्पा स्वतः कधी शिंकत नाहीत. माणसंसुद्धा ते मिरचीसारखीच पारखतात. माझ्या भाच्यासाठी एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलीच्या बापाला एकदाच बघून ते म्हणाले, "रंग चांगला शे, पन देठ ढिला शे." आम्ही हसलो. पुढे तो गृहस्थ तीन वेळा शब्द फिरवून बसला, तेव्हा हसू जरा कमी झालं.

आप्पांच्या बायकोला आम्ही जिजी म्हणायचो. मोठी शांत बाई. आप्पांच्या बोलण्याला पूर्णविराम नसायचा आणि जिजींच्या बोलण्याला सुरुवात नसायची. संध्याकाळी ओट्यावर सूप घेऊन बसायच्या. आप्पा आले की उठून पाणी ठेवायच्या, आणि आप्पा पाणी पिऊन परत पथारीवर जायचे. मग जिजींचे पाय सुजायला लागले, गालांवर लाल चट्टे आले. गल्लीतल्या बायकांनी निदान केलं, मिरची बाधली. सुरतेच्या डॉक्टरांनी मात्र पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढला आणि सांगितलं, की ह्यांची रोगप्रतिकारशक्ती ह्यांच्यावरच उलटली आहे. औषधं झाली, खेपा झाल्या. गेल्या वैशाखात जिजी गेल्या. प्रकाशा ह्या तीर्थाच्या गावी तापीत अस्थी सोडल्या, आणि आप्पा दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन बसले. लोकांना ते बरं वाटलं नाही. मलाही नाही.

ह्यानंतरचा सगळा गोंधळ एका फोनने सुरू झाला.

चैत्रातली दुपार होती. आप्पा चप्पल न घालताच माझ्याकडे आले आणि फोन माझ्या कानाला लावून उभे राहिले. पलीकडून एक मुलगी अतिशय अदबीने बोलत होती. ती सुरतेच्या संशोधन केंद्रात काम करते, नाव नयना. कमलबाईंच्या, म्हणजे आमच्या जिजींच्या, मूत्रपिंडाच्या तुकड्याचा उरलेला भाग त्यांच्याकडे जपून ठेवलेला आहे. संशोधनासाठी तो वापरायला कमलबाईंनी तेव्हाच होकार दिला होता. आता त्याची नव्या पद्धतीने आणखी छायाचित्रं घ्यायची आहेत, तर घरच्यांची काही हरकत नाही ना, एवढंच विचारायला फोन केला होता. मी म्हणालो, विचारून सांगतो. फोन ठेवला आणि आप्पांकडे बघितलं.

"सर," आप्पा म्हणाले, "तिन्ही वानगी आजून सुरतमाच शे."

मी म्हटलं, हो, जिजींची वानगी तिथेच आहे, पण त्यांनीच होकार दिला होता. आप्पांनी हात झटकला. तिला काय, ती भाजीवालीलासुद्धा कधी नाही म्हणाली नाही. मुद्दा तो नव्हताच. तपासून झालं, निदान झालं, माणूस गेलं, आणि मूठ मात्र अजून बाहेरच. बाकीची सगळी तापीला गेली आणि एवढी सुरतेला राहिली. "मंग ढीग अपुरा ऱ्हायना ना," ते म्हणाले, आणि खाली बसले. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. त्यांनी जाहीर करून टाकलं, की वानगी परत येऊन तापीत जात नाही तोवर वर्षश्राद्ध होणार नाही. एवढं बोलून ते गेले ते दोन दिवस बाजारात फिरकले नाहीत. आप्पा बाजारात नाहीत ही बातमी गावात मिरचीच्या भावापेक्षा वेगाने फिरली.

भावकी माझ्यावर चिडली. जणू तुकडा मीच काढून ठेवला होता. सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही समजवा. आता समजवायचं तर आधी मला समजायला हवं. मी नयनाला फोन केला आणि वही घेऊन बसलो. तिने फार शांतपणे सांगितलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी असतात, पोलीस म्हणा हवं तर. त्या किती आहेत हे पूर्वीही मोजता यायचं. पण कोण कुठे उभा आहे, कुणाच्या शेजारी उभा आहे, हे कळत नव्हतं. आता तुकड्याचा केसाहूनही पातळ काप घ्यायचा, त्याला रंग लावायचे, एकेका जातीच्या पेशीला एकेक रंग चिकटतो, फोटो घ्यायचा, रंग धुवायचा, पुन्हा दुसरे रंग लावायचे, पुन्हा फोटो. असे सगळे फोटो एकावर एक ठेवले, की पेशींचा नकाशा तयार होतो.

नकाशा म्हटल्यावर मला एकदम हायसं वाटलं. मी उत्साहाने भिंतीपलीकडे गेलो आणि आप्पांना समजावायला लागलो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"रंग लाईसन धुई टाकतस," ते म्हणाले, "मंग लावतस काबरं?"

मी म्हटलं, फोटोसाठी. ते म्हणाले, मग धुतात का? मी म्हटलं, दुसरा रंग लावायला. मग तो का धुतात? इथे माझी वही संपली. मी पोलिसांकडे वळलो. म्हटलं, आप्पा, असं समजा, आपल्या घराला पहारेकरी ठेवलेत आणि तेच आपल्याला चोर समजून मारायला लागले. आप्पांचा चेहरा एकदम बदलला.

"तिलेच काबरं मारतस, सर? ती तं कोनले कधी उलटी बोलनी नही."

ह्याला भूगोलात उत्तर नाही. जीवशास्त्रात तरी आहे का, हे मी नयनाला विचारलं. तर ती म्हणाली, सर, तेच तर आम्ही शोधतोय. म्हणजे गोंधळ फक्त माझ्याच डोक्यात नव्हता, सुरतेपर्यंत पोचलेला होता. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

गल्लीत तोवर वेगळंच चाललं होतं. कुणी म्हणे, जिजींचं अख्खं मूत्रपिंड सुरतेला काचेत ठेवलंय. दूधवाल्याने मला विचारलं, जिजींचा पिक्चर सुरतेत लागलाय म्हणतात, खरं का? समोरच्या बाईंनी तर हात जोडून सांगितलं, की त्या पोलिसांची नावं कळली तर तक्रार करता येईल. मी सगळ्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यामुळे आणखी दोन नव्या अफवा तयार झाल्या.

शेवटी नयनानेच तोड काढली. घरच्यांना तुकडा परत मागायचा हक्क आहे, ती म्हणाली. त्यांनी मागितला तर आम्हाला द्यावा लागेल, आणि आम्ही देऊ. फक्त एक सांगते, औषधं सुरू व्हायच्या आधी काढलेले तुकडे आमच्याकडे अगदी थोडे आहेत आणि त्यातला हा सगळ्यांत चांगला आहे. एकदा येऊन बघून जा, मग ठरवा. हे मी आप्पांना सांगितलं. आप्पांना त्यातलं 'देऊ' एवढंच ऐकू आलं.

सकाळच्या गाडीने निघालो. आप्पांनी धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि मांडीवर एक स्टीलचा डबा. पुरणपोळ्यांचा असतो तेवढा. आत हळद लावलेलं कोरं फडकं, वर तुळशीचं पान. नवापूरला चहा घेतला तेव्हाही डबा खाली ठेवला नाही. समोरच्या बाकावरच्या गुजराती गृहस्थाने आपुलकीने विचारलं, नाश्ता काय आणलाय? आप्पांनी डबा आणखी जवळ ओढला. मी घाईघाईने खिडकीबाहेर बोट दाखवून तिथल्या कोंबड्यांच्या शेडविषयी बोलायला लागलो. सुरतेजवळचं उधना येईपर्यंत मला त्या विषयावर बोलावं लागलं.

नयना दारातच भेटली. चष्मा लावलेली, जेमतेम तिशीची मुलगी. वाढली उधन्यात, पण आई आमच्याच बाजूची, शिरपूरची, त्यामुळे आप्पांनी पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर ओळख दिसली. आप्पा तिला बेन म्हणायला लागले आणि ती त्यांना आप्पा. आम्हाला पांढरे डगले घालायला दिले. टोपीवर आणखी एक जाळीची टोपी आली. आप्पांनी तक्रार केली नाही, ह्यावरूनच ते किती घाबरले होते ते मला कळायला हवं होतं.

नयनाने एक डबी उघडून मेणाची छोटी वडी हातावर ठेवली. वडीच्या मध्ये दोऱ्याच्या तुकड्याएवढी एक फिकट रेघ होती. आप्पा वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"इतलंसंच?"

हो, एवढंच, नयना म्हणाली. आप्पांनी आपल्या डब्याकडे बघितलं आणि तो हळूच खुर्चीखाली सरकवला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पंधरा दिवस जे भांडण चाललं होतं ते एवढ्याशा रेघेसाठी होतं आणि ती रेघ समोर बघून मलाही काय वाटावं ते कळेना.

मग तिने ह्याच तुकड्याचं आधी घेतलेलं चित्र पडद्यावर लावलं. भिंतीवर भला मोठा पडदा, आणि त्यावर काळ्या अंधारात हिरवे, गुलाबी, निळे, पिवळे ठिपके. मला वाटलं आकाशातून काढलेलं सातपुड्याचं चित्र आहे. वाड्या, वस्त्या, मधून वाहणारी नदी. नयना एकेक ठिकाण मोठं करून दाखवत होती. हे गोल म्हणजे रक्त गाळणारी जाळी. हे गुलाबी म्हणजे पहारेकरी. इथे बघा, गुलाबी जाळीभोवती दाटीने उभे आहेत. इथे मात्र फक्त दोन हिरवे मध्ये येऊन उभे राहिले आणि गुलाबी पुढे सरकलेच नाहीत. हे हिरवे कोण, ते इथे कसे पोचले, बाकीच्या ठिकाणी का पोचले नाहीत, हे कळलं तर पुढच्या बाईला वाचवता येईल कदाचित. कदाचितच, ती म्हणाली. रोज सकाळी आल्यावर मी हेच चित्र उघडते. ह्याचा कोपरा न् कोपरा पाठ झालाय.

मी वाट बघत होतो, की आता आप्पा दर्शन आणि देव सांगतील, वानगी मागतील. शब्द कसे सावरायचे ते मी मनात जुळवत होतो. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"बेन, जव्हय हाई काढं, तव्हय तिले दुखनं का?"

नयना खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती आप्पांच्याच बोलीत म्हणाली, "सुन्न करनारं इंजेक्शन देतस, आप्पा. पन थोडं दुखस."

आप्पांनी मान हलवली.

"मी नही व्हतू तठे," ते म्हणाले. "हंगाम व्हता. तिन्हा भाऊ लई गया तिले. मी पथारीवर बठेल व्हतू."

हे मला माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं. पंधरा दिवस मी त्यांना पेशी समजावत होतो, रंग समजावत होतो, आणि त्यांना विचारायचं होतं ते एवढंच होतं. मला त्यांची फार दया आली, आणि आपण किती वायफळ बोललो ह्याची लाजही वाटली.

नयनाने हळूच विचारलं, की आप्पा, तुकडा बांधून देऊ का? कागद तयार आहेत, तुमचा शब्द शेवटचा. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी खुर्चीखाली हात घातला, डबा चाचपला आणि हात परत मांडीवर घेतला.

"तुम्ही रोज बठतस ना हिन्हाजोडे?"

रोज बसते, ती म्हणाली. सकाळपासून.

"मंग ऱ्हाऊ द्या अठेच. घर व्हती तव्हय मी तिन्हाजोडे कव्हय बठनू?"

नयनाने चष्मा काढून डगल्याच्या टोकाने पुसला. मी उगाचच घड्याळात बघून म्हटलं, दुपारची गाडी गाठायची तर निघायला हवं. वर्षश्राद्धाचं भावकीला कळवावं लागेल, आचारी सांगावा लागेल, असंही काहीबाही बोललो. आप्पा म्हणाले, करू, सगळं करू. उठले मात्र नाहीत. नयना पडदा बंद करायला वळली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "आखो घडीभर बठू का?"

तिने आपली खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढून दिली आणि मला खुणेनेच बाहेर बोलावलं. चहाचं निमित्त होतं. दार लोटता लोटता मी मागे बघितलं. आप्पांनी दोन्ही टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या आणि ते पडद्याकडे तोंड करून, घरात कुणाशी बोलावं तसे, हलक्या आवाजात बोलत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"हंगाम सरी गया, कमल," ते म्हणत होते. "आते मी मोकळा शे."